नात्याच्या रकान्यात

कर्वे पुतळ्याच्या सिग्नलला आमची स्कूटर थांबली होती. पुढे उभा असलेला सहा वर्षांचा मुलगा हेल्मेटमधून मान वर करून म्हणाला, "हे कोण आहेत?"

"कर्वे."

"म्हणजे रस्ता?"

मागे बसलेली त्याची आई हसायला लागली. सिग्नल सुटला, मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न मारला आणि उत्तर तसंच राहिलं.

मी कर्वेनगरात भाड्याने राहतो आणि हिंजवडीला नोकरी करतो. गेली पाच वर्षं हे आडनाव रोज मॅपवर बघतोय. पण त्या मुलाच्या प्रश्नापर्यंत कर्वे माझ्याही लेखी रस्ता, स्टॉप आणि दहावीच्या इतिहासातलं एक वाक्य एवढेच होते. येत्या हिवाळ्यात मी या मुलाच्या आईशी लग्न करतोय. तिचा घटस्फोट झालाय. मुलाचे बाबा दुसऱ्या शहरात असतात, सुटीत येऊन भेटतात, फोन करतात. म्हणजे त्याला बाबा आहे. मग मी कोण, हा प्रश्न सध्या आमच्या घरात सगळ्यांना पडलाय. माझी आई म्हणते, "मुलगी चांगली आहे रे, पण पदरात पोर आहे." आजी एवढं लांबण लावत नाही. ती म्हणते, "सावत्र ते सावत्रच." बाबा पेपर वाचत राहतात.

आमची नावं मी इथे लिहीत नाहीये. तो मुलगा उद्या मोठा होऊन हे वाचेल, तेव्हा त्याने ठरवावं.

आजीच्या त्या एका शब्दापासून सुरुवात करतो, कारण सगळी गोम तिथेच आहे. 'सवत' हा शब्द संस्कृत 'सपत्नी'वरून आला. एकाच नवऱ्याच्या दोन बायका, त्या एकमेकींच्या सपत्नी. 'सावत्र' त्याच कुळातला. म्हणजे सावत्र आई ही मुळात आईची सवत. नातं मुलाच्या बाजूने मोजलेलंच नाही, दोन बायकांच्या वैरावरून मोजलंय. आणि सावत्र बाप? त्याच्यासाठी भाषेने वेगळा शब्द घडवण्याची तसदीच घेतली नाही. सवतीच्या घरातलाच शब्द उसना आणून त्याला चिकटवला. आमच्या कामात जुन्या सिस्टिममधलं एखादं चुकीचं नाव वर्षानुवर्षं कोडमध्ये राहतं आणि नवा माणूस त्या नावावर विश्वास ठेवून फसतो, तसलाच प्रकार.

पण शब्द असा बनला, त्याला कारण असणार. ते कारण मला कर्व्यांच्या घरात सापडलं.

*

धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८५८चा. दापोलीजवळच्या मुरूडचे. चौदाव्या वर्षी लग्न झालं, बायको राधाबाई तेव्हा आठ वर्षांची. १८८२ मध्ये मुलगा झाला, रघुनाथ. १८९१ मध्ये राधाबाई गेल्या. त्याच वर्षी कर्वे मुंबई सोडून पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला आले. घरात नऊ वर्षांचा मुलगा, आई नसलेला.

त्या काळी पुढे काय व्हायचं ते ठरलेलं होतं. बिजवराला मुलगी मिळायला अडचण नसे. अडचण एवढीच, की मुली लहानपणीच उजवल्या जायच्या आणि विधवेशी लग्न करायचं नाही, त्यामुळे लग्नाची म्हणून उरायची ती दहा-बारा वर्षांची पोर. नवरा तिशीचा असो की पन्नाशीचा, बायको तेवढीच. न्यायमूर्ती रानड्यांचंच बघा. विधवाविवाहाचा पुरस्कार करणारा हा माणूस १८७३ मध्ये विधुर झाला आणि वडिलांच्या आग्रहापुढे नमून त्याच वर्षी बोहल्यावर चढला. ते एकतीस वर्षांचे, रमाबाई अकरा वर्षांच्या. रमाबाई पुढे स्वतःच्या कर्तृत्वावर मोठ्या झाल्या, ही गोष्ट वेगळी.

आता हे गणित कर्व्यांच्या घरात मांडून बघा. १८९३ मध्ये रघुनाथ अकरा वर्षांचा होता. रिवाजाप्रमाणे लग्न झालं असतं तर त्याची 'नवी आई' साधारण त्याच्याच वयाची आली असती. नऊवारी सावरता न येणारी, माहेरच्या आठवणीने रात्री रडणारी, सासूच्या धाकातली एक मुलगी. तिला सांगायचं, हा तुझा मुलगा. त्याला सांगायचं, ही तुझी आई.

हे वाचलं तेव्हा लहानपणी ऐकलेल्या सगळ्या दुष्ट सावत्र आया माझ्या डोळ्यांसमोरून सरकल्या. त्या गोष्टींमध्ये सावत्र आईचं वय कधी सांगत नाहीत. मी मनातल्या मनात त्या प्रत्येकीला अकरा वर्षांची करून बघितलं. मग भाकरीच्या तुकड्यावरून, झोपायच्या जागेवरून होणारी ती भांडणं दुष्टपणाची वाटेनात. दोन लहान मुलांची वाटायला लागली. फरक एवढाच, की एकाला घरात 'बिचारा' म्हणत आणि दुसरीला 'कैकेयी'. आणि ज्या मोठ्या माणसाने हे घडवून आणलं, तो गोष्टीत नुसता 'राजा' म्हणून असतो, बहुतेक वेळा शिकारीला गेलेला.

*

कर्व्यांनी ठरवलं होतं, लग्न करायचं तर विधवेशीच. इतिहासात हा निर्णय समाजसुधारणेच्या खात्यात जमा आहे, आणि तो तसा आहेच. पण त्याने आणखी एक गोष्ट आपोआप साधली. रघुनाथच्या घरात एक मोठं माणूस आलं.

गोदूबाई जोशी मूळच्या देवरूखच्या. आठव्या वर्षी लग्न झालं आणि तीनच महिन्यांत वैधव्य आलं. पुढची कितीतरी वर्षं सासरी राबण्यात गेली. भाऊ नरहरपंत मुंबईत शिकत होते. ते कर्व्यांचे मित्र, दोघांचं बिऱ्हाड एकत्र. नरहरपंतांनी बहिणीला मुंबईला आणलं. ११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं, तेव्हा तिथे दाखल होणारी पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे गोदूबाई. पुढे सदन पुण्याला आलं, त्याही आल्या.

म्हणजे कर्व्यांचं घर त्यांना नवखं नव्हतं. राधाबाई हयात असल्यापासूनची ही ओळख. 'नवी आई आली' असं अचानक दार उघडून कोणी उभं राहिलं नाही. आज समुपदेशक सांगतात की मुलांशी आधी ओळख होऊ द्या, घाई करू नका. या घरात ते परिस्थितीनेच करून ठेवलं होतं.

आणि होकार गोदूबाईंचा स्वतःचा होता. बाईला विचारून झालेलं लग्न ही त्या काळी अपूर्वाईच. ११ मार्च १८९३ रोजी, शारदा सदन उघडल्याला बरोबर चार वर्षं झाली त्या तारखेला, पुण्यात लग्न झालं. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. पण घरात आणि पुढे संस्थेत सगळ्यांच्या तोंडी नाव राहिलं ते 'बाया'. कर्वे अण्णा, आणि त्या बाया.

किंमत लगेच मोजावी लागली. नवराबायको मुरूडला गेले तर गावाने बहिष्कार टाकला. कर्वे आईच्या घरी राहिले तर त्या घरावरही बहिष्कार, असा ठराव झाला. पोटच्या मुलाला घरात घ्यायचं की गावात राहायचं, यातून त्या माउलीला निवडायचं होतं. कर्व्यांनी आपल्या आत्मवृत्तात हे फार शांतपणे सांगितलंय. मला मात्र त्या ठरावात एक अकरा वर्षांचा मुलगा दिसत राहतो. ज्या घराला वाळीत टाकायचं ठरतं, त्या घरातलं लहान मूलही वाळीत पडतं. त्याला कोणी विचारलेलं नसतं.

माझ्या आईची भीती खरं तर हीच आहे. "लोक काय म्हणतील" हे वाक्य ऐकलं की मी चिडायचो. हल्ली कमी चिडतो. मुरूडचा ठराव तिने वाचलेला नाही, पण तो तिला पाठ आहे.

*

आता खरा प्रश्न. मुलं वाढवली कोणी?

पुतळा अण्णांचा आहे. पण १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला. चार वर्षांत तो गावाबाहेर हिंगण्याला गेला, म्हणजे आजच्या माझ्या कर्वेनगरात. अण्णा कॉलेजातलं शिकवणं आटपून चालत हिंगण्याला जायचे, तिथलं काम बघायचे, पुन्हा चालत यायचे. नदीकाठचा चिखल तुडवत जाणाऱ्या या माणसाची गोष्ट पुण्यात सगळ्यांना माहीत आहे. त्याच वेळी पुण्यातल्या घरात कोण होतं, ही गोष्ट कमी सांगितली जाते. विधवांना शिकवणाऱ्या संस्थेत, पुनर्विवाह केलेली संस्थापकाची बायको राहिलेली लोकांना चालणार नव्हती. आश्रम म्हणजे विधवांची लग्नं लावायची जागा, असा बभ्रा झाला असता तर कोणी मुली पाठवल्या नसत्या. म्हणून अण्णा हिंगण्यात, बाया पुण्यात. जवळचा पैसाही संस्थेकडे वळत होता. घर चालवायचं, तेही वाळीत टाकलेलं, हे काम बायांकडे. त्यांनी 'माझे पुराण' या आत्मचरित्रात अण्णांशी झालेले खटके लपवलेले नाहीत. नवरा महर्षी झाला म्हणून बायकोने घरखर्चाचा हिशेब विचारू नये, असं त्यांना वाटत नव्हतं.

त्या घरात रघुनाथ होता. पुढे बायांना तीन मुलगे झाले: शंकर, दिनकर, भास्कर. पण घर एवढ्यावर थांबलं नाही. अण्णांचे मामेभाऊ रघुनाथ परांजपे शिक्षणासाठी कर्व्यांकडेच राहिले होते. बायांची धाकटी बहीण पार्वती आठवले विशीतच विधवा झाली, पदरात एक मुलगा. त्याला बायांनी शिकायला आपल्याकडे घेतलं आणि पाठोपाठ पार्वतीबाईही हिंगण्याच्या कामात आल्या. पुढे संस्थेसाठी निधी जमवायला त्या थेट अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या.

असं घर डोळ्यांसमोर आणलं की एक गोष्ट कळते. एकच सावत्र मूल आणि बाकी सगळी सख्खी असतील, तर ते एकटं मूल रोज तराजूत बसतं. त्याला दूध किती, त्यांना किती. पण जिथे एक पहिल्या बायकोचा, तीन दुसरीचे, एक बहिणीचा, एखादा नात्यातला, अशी पंगत बसते, तिथे 'कोणाचा कोण' हा हिशेब रोज मांडत बसणं कोणालाच परवडत नाही. ताटं मांडायची, वाढायचं, अभ्यासाला बसवायचं. आपल्याकडच्या कितीतरी जुन्या घरांमध्ये असं होतं, आणि त्या घरांमध्ये अन्यायही भरपूर होता, हे मी विसरलेलो नाही. कर्व्यांच्या घराचं वेगळेपण हे, की पंगत वाढणारी बाई तिथे स्वतःच्या मर्जीने आली होती.

हे लोण पुढेही गेलं. कर्व्यांकडे राहिलेला तो मामेभाऊ म्हणजे १८९९ मध्ये केंब्रिजमध्ये सीनियर रँग्लर झालेले रँग्लर परांजपे. ब्रह्मदेशात जन्मलेली एक लहान मुलगी पुण्यात हुजूरपागेत शिकायला आली, तेव्हा परांजप्यांनी तिला आपल्या घरी नेऊन स्वतःच्या मुलीबरोबर, शकुंतलेबरोबर वाढवलं. ती मुलगी इरावती करमरकर. मोठी होऊन ती बायांच्या दिनकरशी लग्न करून कर्व्यांच्या घरात सून म्हणून आली आणि भारतातल्या नातेसंबंधांवर मूलभूत काम करणारी मानवशास्त्रज्ञ झाली. परक्याच्या घरात आपली म्हणून वाढलेल्या मुलीने नातं या गोष्टीचाच अभ्यास करावा, यात मला नवल वाटत नाही.

*

'यशस्वी' म्हणजे काय, हेही बघायला हवं. मी पालकत्वावरचे व्हिडिओ भरपूर बघितलेत. त्यांत शेवटी मूल येऊन 'आई' किंवा 'बाबा' म्हणतं, व्हायोलिन वाजतं आणि कुटुंब यशस्वी होतं.

रघुनाथ १८९९ मध्ये मॅट्रिकला पहिला आला, वडिलांसारखाच गणिताचा प्राध्यापक झाला. मग १९२१ मध्ये त्याने मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं. त्यापायी नोकरी गेली. १९२७ मध्ये त्याने 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं आणि मरेपर्यंत, १९५३ पर्यंत चालवलं. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४च्या खटल्यात त्याची बाजू मांडायला डॉ. आंबेडकर उभे राहिले. स्वतः रघुनाथ आणि मालतीबाई यांनी मूल न होऊ देण्याचं ठरवलं आणि पाळलं. त्याच्या कामात त्याला साथ देणाऱ्यांमध्ये परांजप्यांची शकुंतला होती. धाकट्यांपैकी शंकर डॉक्टर होऊन आफ्रिकेत गेला, दिनकर फर्ग्युसनमध्ये रसायनशास्त्र शिकवू लागला, भास्करने हिंगण्याच्या संस्थेला वाहून घेतलं.

वडिलांनी विधवेला बाई म्हणून जगू द्या, असं सांगितलं. मुलगा त्याच्या दहा पावलं पुढे जाऊन बाईचं शरीर तिचं आहे म्हणाला आणि वडिलांना मिळाली त्याच्याहून जास्त शिवीगाळ झेलत राहिला. आज्ञाधारक मुलाला हे जमत नाही. ज्याला घरात आपली जागा पक्की आहे असं वाटलेलं असतं, त्यालाच घराबाहेर इतकं एकटं उभं राहता येत असावं. हा माझा तर्क आहे. पण 'सावत्र मूल बिघडतं' या समजुतीपुढे मी तो खुशाल ठेवतो.

*

इथवर सगळं ठीक. पण माझ्या अडचणीला कर्व्यांची गोष्ट निम्मीच पुरते. त्यांच्याकडे मूल पुरुषाच्या बाजूला होतं. माझ्याकडे ते बाईच्या बाजूला आहे. त्या काळातल्या लग्नांमध्ये मुलासकट आलेली बाई इतकी कमी का दिसते, हे शोधताना मी कायद्यापाशी पोचलो.

१८५६चा विधवा पुनर्विवाहाचा कायदा. ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या खटपटीतून आलेला, शाळेत आपण त्याचं कौतुक पाठ केलेलं. त्याच्या दुसऱ्या कलमानुसार पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क संपतो. तिसऱ्या कलमाने मृत नवऱ्याच्या नातेवाइकांना वाट दिली, की त्यांनी कोर्टात अर्ज करावा आणि मुलांना दुसरा पालक नेमून मागावा. म्हणजे लग्न कर, पण मूल जाऊ शकतं. कितीतरी बायांच्या पायातली बेडी इथे असणार. एका घरातल्या दोन बहिणी बघा. मूल नसलेल्या बायांनी लग्न केलं. मुलगा असलेल्या पार्वतीबाई शेवटपर्यंत विधवा राहिल्या. त्यांची कारणं त्यांची स्वतःची होती, कायद्याच्या माथी मी ती मारणार नाही. पण ज्या मुलखात असा कायदा होता, त्यात 'सावत्र बाप' या माणसासाठी शब्द का घडला नाही, ते कळतं. तो जन्मालाच येऊ नये अशी व्यवस्था होती.

बरोबर शंभर वर्षांनी, १९५६ मध्ये, हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायदा आला. त्याच्या सहाव्या कलमात नैसर्गिक पालक कोण ते सांगितलंय आणि खाली स्पष्टीकरण आहे: इथे 'वडील' आणि 'आई' या शब्दांत सावत्र वडील, सावत्र आई येत नाहीत. आणि गंमत म्हणजे २००७चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा, म्हातारपणी पोटगी मागण्याचा, त्यात 'पालक' या शब्दात सावत्र आई-वडील येतात. म्हणजे मी आज या मुलाचा पालक नाही, पण पुढेमागे तो माझा मुलगा आहे. मूल दत्तक घेतलं तर गोष्ट बदलते, पण त्याला बाबा आहे आणि तो असावा असंच आम्हाला वाटतं.

आधी मला हे वाचून राग आला. नंतर त्यातली एक बाजू बरी वाटली. कायदा मला फुकटात काहीच देत नाही. जे मिळेल ते शाळेला सोडण्यातून, तापात रात्र काढण्यातून, 'नको' म्हणायचं तिथे म्हणण्यातून आणि त्याच्या बाबांबद्दल वाकडं न बोलण्यातून. बायांनाही नात्याचं नाव आयतं मिळालं नव्हतं. म्हणून तर मला त्यांचं 'बाया' असणं आवडतं. त्यात राधाबाईंची जागा घेतल्याचा दावा नाही. सगळ्यांची मिळून एक बाई, एवढाच त्याचा अर्थ.

परवा मी आईला हे सगळं सांगितलं. तिने भाजी निवडता निवडता ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या बायांनी पहिल्या मुलाला कधी मारलं असेल का रे?"

"असेलही."

"मग ठीक आहे," आई म्हणाली. "मारायला घाबरली असती तर ती परकीच राहिली असती." मी हसलो. मारण्याबद्दल माझं आणि तिचं पटणार नाही, पण ती काय म्हणत होती ते कळलं. पाहुण्याच्या पोराला कोणी रागावत नाही.

गेल्या आठवड्यात शाळेतून मुलाला घ्यायला येणाऱ्या माणसाचं कार्ड भरायचं होतं. नाव, फोन, फोटो, आणि शेवटचा रकाना: मुलाशी नातं. मी पेन घेऊन उभा. मागे रांग. 'वडील' लिहायचं नव्हतं, 'काका' खोटं होतं आणि आजीचा तो शब्द तर हाताने लिहवेना. मुलगा माझ्या कोपराखालून डोकावला. त्याला नुकतं वाचता यायला लागलंय.

"ना-तं," त्याने अक्षरं जुळवली. "लिही ना, घरचा."

मी लिहिलं. काउंटरवरच्या बाईंनी कार्ड बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि शिक्का मारला.